बॅज ड्रॉवरमध्ये, बाळ पोटात

पत्र

मावशी, मी तालुक्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. वय २७, नोकरीला चार वर्षं झाली. सध्या नववा आठवडा चालू आहे. रोज तीस-चाळीस फिल्म निघतात, आयसीयूत पोर्टेबल म्हणजे फिरतं मशीन असतं, आणि आठवड्याला दोन-तीन हाडांची ऑपरेशनं असतात तेव्हा ओटीत सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर, मीच असते. किरण अडवणारे लेड (शिशाचे) एप्रन दोनच आहेत, ते डॉक्टर आणि त्यांचे असिस्टंट घालतात. आमच्या अंगावर पडलेले किरण मोजणारे टीएलडी बॅज ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतात. दर तीन महिन्यांनी तिथूनच गोळा होऊन जातात. मागच्या महिन्यात एका सहा महिन्यांच्या बाळाला फिल्मसाठी दोनदा मीच धरलं. तेव्हा मला दिवस गेलेत हे माहीत नव्हतं. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड, त्या खोलीच्या भिंतींतसुद्धा किरण मुरलेले असतात. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, एक्स-रेवाल्यांची मुलं अधू निघतात, वेळ आहे तोवर मोकळी हो. ते ऐकल्यापासून झोप नाही. हॉस्पिटलात अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर काढून टाकतील अशी भीती वाटते. ह्यांचा पगार घराच्या हप्त्यात जातो. माझ्या बाळाला काही झालं असेल का? मी काय करू?

उत्तर

तुझ्या पत्रात बरेच प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, पण ज्याने तुझी झोप उडवली त्याचं उत्तर आधी देते. मोकळी होण्याचा विचार मनातून काढून टाक. तू लिहिलेल्या कामातून तुझ्या बाळापर्यंत पोचलेले किरण इतके थोडे आहेत की त्यासाठी कुठलाही जाणता डॉक्टर गर्भपाताचा सल्ला देणार नाही. शेजारच्या बाईंचं मन वाईट नसेल, पण त्यांनी सांगितलं ते चूक आहे.

हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलांमध्ये रेडिएशन सुरक्षेचं काम केलं. तुझ्यासारख्या कितीतरी मुली माझ्या टेबलासमोर रडवेल्या होऊन बसल्या. त्यांच्याबरोबर कागदावर जो हिशेब मांडायचे, तोच तुझ्यासाठी मांडते. तू टेक्निशियन आहेस, आकडे तुला नवीन नाहीत. एक सोय करून घेऊ : ग्रे आणि सिव्हर्ट ही किरणांचा डोस मोजायची मापं, एक्स-रेच्या बाबतीत ती सारखीच धरता येतात, म्हणून सगळीकडे मिलिसिव्हर्टच, म्हणजे सिव्हर्टचा हजारावा भाग, म्हणते.

तुझा सगळ्यात मोठा डोस फिल्मचा नाही, सी-आर्मचा आहे. किरण सोडायचं पेडल दाबलेलं असताना रुग्णाच्या कातडीवर मिनिटाला साधारण २० मिलिसिव्हर्ट पडतात असं धरू. त्यातला हजारात एखादा भाग रुग्णाच्या अंगावरून विखुरतो आणि एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचतो. म्हणजे मिनिटाला ०.०२. एका ऑपरेशनात एकूण दोन मिनिटं पेडल दाबलं गेलं, तर ०.०४. डॉक्टर आठवडे पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भ राहून तुला सातेक आठवडे झाले. तेवढ्यात वीस केसेस झाल्या असं धरलं, तर ०.८ मिलिसिव्हर्ट. हा झाला एप्रनशिवाय, तोही पोटाच्या कातडीवर. गर्भाशय खोल आत असतं, तिथे पोचेपर्यंत त्यातला बराच भाग तुझ्याच शरीरात अडतो. मनगटाची, घोट्याची केस असेल तर याहून कमी, खुब्याची किंवा मणक्याची असेल तर जास्त. ढोबळ हिशेब आहे, पण त्याचा आवाका तुला कळेल.

आता दुसरी बाजू बघ. बाळाच्या शरीरात व्यंग निर्माण होणं, मेंदूच्या वाढीवर परिणाम होणं, असे परिणाम १०० मिलिसिव्हर्टच्या खाली दिसत नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने, ज्याला आपण आयसीआरपी म्हणतो, स्पष्ट सांगितलं आहे की गर्भाला १०० च्या खाली डोस मिळाला असेल तर त्या कारणासाठी गर्भपात करणं समर्थनीय नाही. तुझा आकडा त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी. आणि ज्या बाईने जन्मात एक्स-रेची खोली पाहिली नाही, तिच्याही बाळाला नऊ महिन्यांत जमिनीतून, आकाशातून आणि आईच्या शरीरातल्या पोटॅशियममधून अर्धा ते एक मिलिसिव्हर्ट मिळतोच.

आणखी एक आकडा सांगते, कारण पुढे कधी तो तुझ्या उपयोगी पडेल. कुठल्याही रेडिएशनशिवाय, सगळं व्यवस्थित असतानाही, शंभरातल्या साधारण तीन बाळांत जन्मतः काही ना काही दोष असतो. टेक्निशियन आईच्या बाळात असा दोष निघाला की सगळं घर तिच्या नोकरीकडे बोट दाखवतं, आणि ती स्वतःला आयुष्यभर दोष देत राहते. असं झालेलं मी पाहिलं आहे. तुझ्या वाट्याला ते येऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्या सहा महिन्यांच्या बाळाला धरलंस त्याबद्दल. इतक्या लहान बाळाच्या छातीच्या फिल्मला त्याच्या कातडीवर एक मिलिसिव्हर्टच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी डोस पडतो. त्यातला विखुरून तुझ्या पोटापर्यंत आलेला भाग म्हणजे त्याचाही शंभरावा हिस्सा, फार तर. तो हिशेबात धरण्याजोगा नाही. मात्र तुझे हात थेट बीममध्ये, म्हणजे किरणांच्या झोतात, आले असतील, आणि तशी सवय लागली असेल, तर ती मोडायलाच हवी. फिल्मसाठी मूल धरणं हे टेक्निशियनचं काम नाही. वाळूच्या पिशव्या, पट्टे वापरायचे, आणि धरावंच लागलं तर मुलाच्या वडलांना किंवा गरोदर नसलेल्या नातेवाइकाला एप्रन देऊन उभं करायचं. त्याला हे आयुष्यात एकदा करावं लागतं. तुला ते रोज करावं लागेल, फरक एवढाच आहे.

इथवर वाचून तुला बरं वाटलं असेल, तर आता थोडं कडक बोलते.

वर मी जे केलं तो अंदाज आहे. मिनिटाला वीस मी धरले, दोन मिनिटं मी धरली, वीस केसेस मी धरल्या. खरं तर मला काहीच धरावं लागायला नको होतं. तुझ्या छातीवर एक वस्तू असायला हवी होती जिने हे सगळं मोजून ठेवलं असतं. ती ड्रॉवरमध्ये होती.

तो बॅज म्हणजे काय हे शिकताना तू वाचलं असशील, तरी पुन्हा सांगते. त्याच्या आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन छोट्या चकत्या असतात, त्यात डिस्प्रोशियम नावाच्या धातूचा अगदी लहानसा अंश मिसळलेला. किरण पडले की त्यांची ऊर्जा त्या स्फटिकात अडकून बसते, महिनोन्‌महिने. मग प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि जितका उजेड तितका डोस. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात हे तंत्र आपल्या देशासाठी उभं राहिलं. देशभरच्या कामगारांचे डोस तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीत जमा होतात, त्यात तुझ्याही नावाचं पान आहे. चार वर्षांचं पान. त्यावर काय लिहिलं असेल? तुझ्या हॉस्पिटलाला बॅजच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक कंट्रोल बॅज येतो. तो मुद्दाम किरणांपासून दूर ठेवायचा असतो, म्हणजे नैसर्गिक रेडिएशन वजा करता येतं. बहुतेक तो त्याच ड्रॉवरमध्ये आहे. तुझा बॅज त्याच्या शेजारी पडून राहिला, म्हणजे चार वर्षं लाकडाच्या एका ड्रॉवरचा डोस मोजला गेला आणि तो तुझ्या नावावर लिहिला गेला.

मी नवीन होते तेव्हा एका हॉस्पिटलातले एक वयस्क टेक्निशियन काका मला भेटले होते. फार प्रेमळ माणूस. दर तिमाहीला त्यांचा रिपोर्ट शून्य. मला कौतुक वाटलं, म्हणून ते काम कसं करतात हे बघायला गेले. दिवसभर कार्डिऑलॉजीच्या डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून उभे, आणि बॅज कपाटात, जेवणाच्या डब्याशेजारी. विचारलं तर म्हणाले, ‘रीडिंग आलं की चौकशी येते, साहेब ओरडतात.’ पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू लवकर आला. तो कामामुळे आला की मधुमेहामुळे, हे सांगायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीचा एकही खरा आकडा नव्हता. त्या माणसाची बाजू मांडू शकणारा एकच साक्षीदार होता आणि त्याला सगळ्यांनी मिळून कपाटात कोंडला होता. ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

उलटंही होतं. दुसऱ्या एका ठिकाणी एका मुलीचं रीडिंग घाबरवण्याइतकं जास्त आलं. तिला आठवडाभर घरी बसवलं, आईवडील धावत आले. शेवटी कळलं, ती बॅज एप्रनलाच लावून ठेवायची आणि एप्रन दिवसरात्र एक्स-रेच्या खोलीतल्या स्टँडवर टांगलेला असायचा. किरण एप्रनला मिळाले होते, तिला नाही. म्हणून बॅज ना ड्रॉवरमध्ये, ना एप्रनवर. ड्यूटीवर आलीस की छातीवर, एप्रनच्या आत. ड्यूटी संपली की खोलीच्या बाहेर, ठरलेल्या जागी. शक्य असेल तर आता प्रसूतीपर्यंत पोटाच्या पातळीला, एप्रनच्या आत, दुसरा एक बॅज माग. तीन महिने थांबायला नको म्हणून खिशात ठेवायचे छोटे डोसमीटरही मिळतात, ते दिवसाचा दिवसाला आकडा दाखवतात. मोठ्या हॉस्पिटलांत ते असतात. तुमच्याकडे घ्यायला सांग, मिळालं तर उत्तम.

आता, एवढा थोडा डोस असेल तर मी इतकी का मागे लागले आहे, असं तुला वाटेल. त्याचं कारण इंग्लंडमधल्या एका डॉक्टर बाईंच्या कामात आहे. ॲलिस स्ट्युअर्ट त्यांचं नाव. १९५० च्या दशकात तिकडे लहान मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण वाढताना दिसत होतं. त्यांनी सरळ आयांना विचारायचं ठरवलं. कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या आया आणि धडधाकट मुलांच्या आया, दोघींना तेच प्रश्न. १९५६ साली त्यांनी पहिला निष्कर्ष छापला : गरोदरपणात ज्यांच्या पोटाचा एक्स-रे काढला गेला होता, त्यांच्या मुलांमध्ये हा धोका जवळजवळ दुप्पट. त्या काळी बाळाची ठेवण बघायला असे एक्स-रे सर्रास काढत. बाईंचं म्हणणं डॉक्टरमंडळींना पटायला कित्येक वर्षं गेली. आज जे मानलं जातं ते असं, की १० मिलिसिव्हर्टच्या आसपासच्या डोसनेही पुढे लहानपणी कर्करोग होण्याची शक्यता किंचित वाढते. मुळात ती शक्यता फार लहान असते आणि वाढूनही लहानच राहते. पण ‘इतक्याखाली काहीच नाही’ अशी रेघ तिथे मारता येत नाही. व्यंगाला उंबरठा आहे, कर्करोगाला तसा उंबरठा गृहीत धरत नाहीत. म्हणून जेवढं टाळता येईल तेवढं टाळायचं.

आणि म्हणूनच नियमही वेगळे आहेत. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, तुझ्यासारख्या कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घालून दिली आहे. ती पाच वर्षांची सरासरी, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसाला वर्षाला १. आणि तू गरोदर असल्याचं कळवलंस की त्यानंतर प्रसूतीपर्यंत बाळाला १ मिलिसिव्हर्ट, त्याहून जास्त नाही. हा एक कुठून आला याचा विचार कर. तू हे काम शिकलीस, पगार घेतेस, धोका काय आहे ते तुला माहीत आहे. बाळाने यातलं काहीच केलेलं नाही. ते हॉस्पिटलाचं कर्मचारी नाही, बाहेर बाकावर बसलेल्या माणसासारखं ते जनतेतलं आहे. त्याला तेवढंच संरक्षण मिळालं पाहिजे जेवढं त्या माणसाला मिळतं. माझ्या सगळ्या नोकरीत मला पटलेला सगळ्यात न्याय्य नियम हाच.

आता वरचा हिशेब पुन्हा बघ. सात आठवड्यांत कातडीवर ०.८. याच पद्धतीने, एप्रनशिवाय, तू आणखी तीसेक आठवडे उभी राहिलीस, तर तीनच्या पुढे. शिवाय गर्भाच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्यात मेंदूची जडणघडण सगळ्यात वेगात होते. हिरोशिमा-नागासाकीच्या मुलांच्या अभ्यासात हाच काळ सर्वात नाजूक निघाला. ते डोस तुझ्यापेक्षा शेकडो पटींनी मोठे होते, घाबरू नकोस. पण तुझ्या बाळाचा तो काळ पुढच्या आठवड्यात सुरू होतोय. तेव्हा जे सांगायचं ते या आठवड्यातच सांगून टाक.

नोकरी सोडू नकोस. काम बदलून घे. सी-आर्म आणि पोर्टेबल प्रसूतीपर्यंत दुसऱ्या कुणाकडे जाऊ दे. तू रूममध्ये कन्सोलवर, म्हणजे बटणांच्या टेबलाशी, राहा. लेड पार्टिशनच्या मागे, मशीनपासून तीन मीटर अंतरावर, काचेतून बघत फिल्म काढलीस तर दिवसाला चाळीस काय, साठ काढल्यास तरी पार्टिशनमागे पोचणारा डोस नगण्य असतो. अट एकच, पूर्ण पार्टिशनच्या मागे. रुग्ण हलतोय म्हणून अर्धं अंग बाहेर काढून बटण दाबायची जी सवय बहुतेकांना असते, ती या नऊ महिन्यांत तरी नको. सीआर-डीआरचं म्हणजे डिजिटल फिल्मचं काम, रिपोर्ट, रजिस्टर, हेही वाढवून घेता येईल.

कधी अगदीच नाइलाजाने ओटीत जावं लागलं, तर एप्रनशिवाय पाऊल टाकू नकोस. अर्धा मिलिमीटर शिशाएवढा एप्रन विखुरलेल्या किरणांतले नव्वद टक्क्यांहून जास्त अडवतो. पुढून-मागून गुंडाळायचा असेल तर बरा, कारण ओटीत आपण पाठ फिरवतो. एप्रन जड असतो, पुढच्या महिन्यांत कंबर धरेल, म्हणून स्कर्ट आणि वरचा भाग वेगळा असलेला मिळाला तर वजन खांद्यावरून कंबरेवर विभागलं जातं. घडी घालून ठेवायचा नाही, आतल्या शिशाला चिरा पडतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. सी-आर्मची ट्यूब टेबलाच्या खाली आणि डिटेक्टर वर, रुग्णाला चिकटून. आडवा शॉट असेल तर ट्यूबच्या बाजूला उभं राहायचं नाही, विखुरलेले किरण तिकडेच जास्त येतात. आणि दोन पावलं मागे. एक मीटरचे दोन मीटर झाले की डोस चौथाई होतो. एवढं स्वस्त संरक्षण जगात दुसरं नाही. पोर्टेबलची दोरी लांब असते ती ह्यासाठीच, ती पूर्ण ताणून दोन मीटर लांब जाऊन एक्स्पोजर द्यायचं. हे तुझ्या जागी जो येईल त्यालाही सांग.

दोन एप्रन आणि तीन माणसं, हे मला फार लागलं. पेडलजवळ उभ्या मुलीला एप्रन नाही, ही गरिबीची गोष्ट नाही. सी-आर्म ज्या किमतीला येतं त्यापुढे एप्रनची किंमत काहीच नाही. तो हॉस्पिटलाने द्यायचा आहे, आणि तू तो मागताना उपकार मागत नाहीस.

सासूबाईंबद्दल. त्या काळजीने बोलतात, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना समजावून सांग. देवघरातला बल्ब बंद केला की खोलीत उजेड उरत नाही, भिंतीत मुरत नाही, कपड्याला चिकटून घरी येत नाही. एक्स-रेचंही तसंच आहे. बटण सोडलं की किरण संपले. त्या खोलीत तू रात्रभर झोपलीस तरी काही नाही. तुझ्या साडीला, डब्याला, पुढे तुझ्या दुधालाही काही होत नाही. किरणोत्सर्गी पदार्थ जिथे हाताळतात, म्हणजे न्यूक्लियर मेडिसिनमध्ये, तिथली गोष्ट वेगळी. तिथे सांडलवंड होऊ शकते, आणि म्हणून तिथे गरोदर मुलींसाठी जास्त कडक काळजी घेतात. तू तिथे नाहीस. आणि सासूबाई कदाचित सोनोग्राफीलाही घाबरत असतील. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, हे किरण नसतात. तुझ्या डॉक्टर सांगतील तेव्हा करून घे. त्यांना एकदा बरोबर घेऊन जा, बाळाचे ठोके ऐकू दे.

नोकरीवरून काढतील ही भीती मला समजते. पण न सांगता राहिलीस तर नुकसान फक्त तुझं आणि बाळाचं आहे, कारण एक मिलिसिव्हर्टची मर्यादा तू कळवल्यावरच लागू होते. कळवलंस की काम बदलून देण्याची जबाबदारी त्यांची. गरोदर आहे म्हणून कामावरून दूर करायचं नाही, परिस्थिती बदलून द्यायची, हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांतही स्पष्ट लिहिलं आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तुझं ८० दिवसांचं काम झालं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा तुझा हक्क आहे. बाळंतपणाच्या रजेवर असताना काढून टाकणं बेकायदा आहे. तुझ्या हॉस्पिटलाला आणखी एक गोष्ट माहीत असेल : एक्स-रे मशीन एईआरबीच्या परवान्यावर चालतं, ई-लोरा नावाच्या ऑनलाइन यंत्रणेत त्याची नोंद असते, आणि बॅज वापरणं, एप्रन पुरवणं, दोन वर्षांनी मशीनची गुणवत्ता तपासणी करून घेणं या सगळ्या परवान्याच्या अटी आहेत. त्या पाळल्या जात नाहीत हे कागदावर येणं त्यांनाही नको असतं. हे धमकी म्हणून वापरू नकोस. रेडिएशन सुरक्षा अधिकारी म्हणून कुणाचं तरी नाव तिथे नोंदलेलं असेल, आधी त्यांच्याकडे जा, शांतपणे बोल. मालक डॉक्टर असतील तर बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. मी पाहिलंय, बरेचजण दुष्ट नसतात, त्यांनी विचारच केलेला नसतो. नाहीच ऐकलं, तर एईआरबीला लेखी कळवता येतं, त्यांचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे.

आणखी एक, जाता जाता. एक्स-रेच्या खोलीचं दार एक्स्पोजरच्या वेळी पूर्ण बंद होतं का, कडी नीट लागते का, ते बघ. भिंत नऊ इंची विटेची असते आणि दारात शिसं असतं, पण दार अर्धवट उघडं राहिलं तर त्या शिशाचा उपयोग नाही. बाहेर बाकावर तुझ्याच दिवसांची एखादी बसलेली असेल, आणि तिला कुणी काही सांगितलेलं नसेल.

खाली अर्ज लिहून देते. जागा सोडल्या आहेत तिथे तुझे तपशील भर.

*प्रति, व्यवस्थापक आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी. विषय : गरोदरपणाची माहिती आणि कामाच्या स्वरूपात बदल. महोदय, मी एक्स-रे विभागात टेक्निशियन म्हणून … पासून काम करत आहे. मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख … आहे. ही माहिती एईआरबीच्या नियमांनुसार आपणास लेखी कळवत आहे. प्रसूतीपर्यंत मला सी-आर्म व पोर्टेबलच्या कामातून वगळून कन्सोलवरील काम द्यावे, रुग्णाला धरण्याचे काम देऊ नये, माझ्यासाठी लेड एप्रन उपलब्ध करून द्यावा, माझा टीएलडी बॅज रोज ड्यूटीवर वापरण्यासाठी माझ्याकडे द्यावा, आणि पोटाच्या पातळीवर वापरण्यासाठी दुसरा बॅज मागवावा. माझ्या मागील चार वर्षांच्या डोसच्या नोंदींची प्रतही मिळावी. आपली विश्वासू, …*

दोन प्रती काढ. एकीवर सही, शिक्का आणि तारखेसह पोच घे, आणि ती प्रत घरी नेऊन सोनोग्राफीच्या फाइलमध्ये लाव.